ओळखीचा आवाज : किलस्विच एंगेज आणि ‘धिस कॉन्सिक्वेन्स’

या धाग्यात आपण बहुधा तुटण्याच्या जागा पाहतो. १७६१, १८१८, १८५७. इतिहासाच्या विद्यार्थ्याला बदल चटकन दिसतो. जे बदलले नाही ते मात्र नजरेतून निसटते. १८१८ साली पेशवाई बुडाली हे आपण तारखेनिशी सांगतो. पण एल्फिन्स्टनने गावगाड्याची पुष्कळशी जुनी व्यवस्था तूर्त तशीच राहू दिली आणि पाटील-कुलकर्णी आपापल्या जागी टिकले, याला तारीख नाही. म्हणून त्याची गोष्टही कोणी रंगवून सांगत नाही. फर्नां ब्रोदेलने १९४९ साली भूमध्य समुद्रावरच्या आपल्या ग्रंथात घटनांच्या वेगवान काळाखाली वाहणारा एक संथ काळ दाखवून दिला, त्याला आता पाऊणशे वर्षे होऊन गेली, तरी आपली सवय सुटलेली नाही.

आजची नोंद अशाच एका न बदललेल्या गोष्टीविषयी आहे. ती गोष्ट म्हणजे एका अमेरिकी मेटलकोअर बँडचा आवाज. विषय आपल्या नेहमीच्या वाटेपासून दूरचा आहे हे मान्य. पद्धत मात्र नेहमीचीच आहे.

किलस्विच एंगेज या बँडचा नववा अल्बम, ‘धिस कॉन्सिक्वेन्स’, २१ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रसिद्ध झाला. गाणी १०, एकूण लांबी साधारण ३५ मिनिटे. आधीचा ‘अटोन्मेंट’ २०१९ सालचा, म्हणजे मध्ये साडेपाच वर्षांचे अंतर. माझ्या ओळखीच्या ज्या थोड्या मंडळींना या संगीतात रस आहे, त्या सर्वांचा अभिप्राय एका वाक्यात मावत होता : चांगला आहे, पण यात नवे काय?

प्रश्न गैर नाही. पण इतिहासाच्या विद्यार्थिनीला त्याआधी दुसरा प्रश्न पडतो : जे आज जुने वाटते, ते जुने केव्हा झाले, आणि ते जुने कोणी केले?

ज्यांनी हे संगीत कधी ऐकलेले नाही त्यांच्यासाठी थोडे विवेचन आवश्यक आहे. या बँडची गिटार नेहमीपेक्षा खाली उतरवलेली असते : सर्व तारा एक पूर्ण स्वर खाली, आणि सर्वांत जाड तार आणखी एक स्वर खाली. त्यामुळे एकाच बोटाने तीन तारा दाबून खर्जातला भरीव नाद काढता येतो, आणि तोही वेगाने. तळहाताची कड तारांवर टेकवून तो नाद मध्येच तोडला की हातोड्याच्या घावासारखा आघात ऐकू येतो. गाण्यात एका टप्प्यावर लय अर्ध्यावर आणतात आणि गिटार व ड्रम एकत्र तुटक घाव घालतात. त्याला ब्रेकडाउन म्हणतात. आणि गायन दुहेरी असते : कडव्यात घसा खरवडून काढलेली गर्जना, ध्रुपदात मोकळा, सुरेल, दूरवर पोहोचणारा आवाज.

या प्रत्येक घटकाचे वय निराळे आहे, आणि मला खरा रस आहे तो तिथे. तारा उतरवण्याची गोष्ट इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यातून येते. १९६५ साली टोनी आयोमी हा १७ वर्षांचा मुलगा तिथल्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात सापडला आणि त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्याने तारा दाबण्याचा हात नेमका तोच. प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणे केली, हलक्या तारा लावल्या, आणि पुढे १९७१ सालच्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’ या ब्लॅक सॅबथच्या अल्बममधल्या काही गाण्यांत गिटार तीन अर्धस्वर खाली उतरली. बोटांना कमी ताण पडावा म्हणून सैल केलेली तार पुढे एका संगीतप्रकाराचा पाया झाली. ब्रेकडाउन मात्र अमेरिकी हार्डकोअर पंकमधून आला. लहान सभागृहांत समोर उसळणाऱ्या तरुणांसाठी तो घडला. १९९०च्या दशकात क्लीव्हलंडचा इंटेग्रिटी, सिराक्यूजचा अर्थ क्रायसिस अशा बँडांनी त्याला मेटलची जाडी दिली. आणि दोन गिटारींनी मिळून गुंफलेली करुण, धावती धून आली स्वीडनमधल्या गोथेनबर्गहून. अॅट द गेट्स या बँडचा १९९५ सालचा ‘स्लॉटर ऑफ द सोल’ तिथल्या स्टुडिओ फ्रेडमनमध्ये ध्वनिमुद्रित झाला होता. एका आवाजामागे बहुधा एक विशिष्ट खोली असते. हा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे.

आता मॅसॅच्युसेट्स राज्यातले वेस्टफील्ड. एकोणिसाव्या शतकात घोडागाडीच्या चाबकांचा उद्योग येथे एवढा फोफावला होता की गावाला ‘व्हिप सिटी’, म्हणजे चाबकांचे शहर, असे नावच पडले. मोटारगाडी आली आणि चाबकाचे काम संपले, नाव टिकले. (चाबूक आणि ब्रेकडाउन यांचा संबंध जोडण्याचा मोह मी कष्टाने आवरते आहे. संबंध काहीही नाही.) या गावात १९९९ साली दोन विसर्जित बँडांचे सदस्य एकत्र आले : ओव्हरकास्टचा बासवादक माइक डी’अँटोनिओ आणि आफ्टरशॉकचे अॅडम डुट्‌किविच व जोएल स्ट्रोट्झेल. गायक म्हणून जेसी लीच आला. डुट्‌किविच हा बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात शिकलेला. आरंभी बँडचा ड्रमवादक, नंतर गिटारवादक, आणि पहिल्या दिवसापासून ध्वनिमुद्रणाचा सूत्रधार.

२००० सालचा पहिला अल्बम ओबडधोबड आहे. मे २००२ मध्ये आलेला ‘अलाइव्ह ऑर जस्ट ब्रीदिंग’ हे वळण. त्यात वर सांगितलेले तिन्ही प्रवाह प्रथमच इतके स्वच्छ एकवटले की प्रत्येक स्वर वेगळा ऐकू यावा. मिश्रण इंग्लंडच्या अँडी स्नीपने केले होते, आणि त्या स्वच्छतेत त्याचा वाटा मोठा आहे. गंमत अशी की या ‘नव्या’ अल्बममध्येही दोन गाणी पहिल्या अल्बमचीच, पुन्हा वाजवलेली होती. त्यांतल्या एकाचे नाव ‘विदे इन्फ्रा’. लॅटिनमध्ये ‘खाली पाहा’. तळटिपांच्या जंगलात वावरणाऱ्या आम्हा मंडळींना हे नाव पाहून जे वाटते ते शब्दांत सांगणे कठीण आहे. पण मुद्दा गंभीर आहे : या बँडचे पुनरावर्तन २०२५ साली सुरू झालेले नाही. ते दुसऱ्या अल्बमपासून त्यांच्या कामाची रीतच आहे. जुने पुन्हा हाती घ्यायचे आणि अधिक नेटके वाजवायचे.

मग हा आवाज सर्वांच्या ओळखीचा कसा झाला? सहसा उत्तर मिळते की इतरांनी नक्कल केली. ते अर्धेच खरे आहे. उरलेले उत्तर कागदोपत्री तपासता येते, कारण अल्बमच्या वेष्टनावर निर्मात्याचे नाव छापलेले असते. अनअर्थचा ‘दि ऑनकमिंग स्टॉर्म’ (२००४), ऑल दॅट रिमेन्सचा ‘द फॉल ऑफ आयडियल्स’ (२००६), अंडरओथचा ‘डिफाइन द ग्रेट लाइन’ (२००६), अॅज आय ले डाइंगचा ‘अॅन ओशन बिट्वीन अस’ (२००७) : या साऱ्यांवर, कुठे एकट्याचे तर कुठे सहनिर्माता म्हणून, डुट्‌किविचचे नाव आहे. सर्वांत बोलके उदाहरण पार्कवे ड्राइव्हचे. ऑस्ट्रेलियाच्या बायरन बे या सागरकिनारी गावातली ही मुले आपला पहिला अल्बम ‘किलिंग विथ अ स्माइल’ (२००५) करण्यासाठी अर्धे जग ओलांडून थेट वेस्टफील्डच्या झिंग स्टुडिओत आली. चाबकांच्या शहरातल्या त्याच खोलीत, त्याच माणसाच्या कानांखालून तो अल्बम बाहेर पडला.

म्हणजे आपण ज्याला एका पिढीची शैली समजतो, तिचा बराचसा भाग दोन कान आणि एक खोली यांचा आहे. हस्तलिखितांच्या अभ्यासात एकाच लेखनिकाचे वळण वेगवेगळ्या पोथ्यांत सापडावे, तसे हे आहे. आणि म्हणूनच ‘किलस्विच एंगेज आता सगळ्यांसारखा वाजतो’ हे वाक्य मला उलटे लिहिलेले वाटते. सगळे त्यांच्यासारखे वाजू लागले, आणि मग मूळ बँडच आपल्याला सामान्य वाटू लागला. नंतरच्या काळाची नजर आधीच्या काळावर लादू नये हे आम्हाला पदव्युत्तर वर्गात पहिल्याच सत्रात शिकवतात. हेडफोन लावले की ते आपण विसरतो.

याच काळात मुंबईतही हार्डकोअर आणि मेटल यांच्या सीमेवरचे बँड उभे राहत होते. भयानक मौत हे नावच पुरेसे आहे. आणि स्क्राइबच्या २०१० सालच्या अल्बमचे नाव ‘मार्क ऑफ तेजा’ होते. ज्यांना ‘अंदाज अपना अपना’ पाठ आहे त्यांनी हसून घ्यावे. घाव दूरदेशीचा, विनोद आपला.

बदलाचा मुद्दा राहिलाच. २००३ साली जस्टिन फोली ड्रमवर आला, तेव्हापासून वादकांची चौकडी आजवर तीच आहे. बदलला तो गायक. २००२ साली, अल्बम गाजू लागलेला असताना, नैराश्य आणि घशाचे हाल यांनी ग्रासलेल्या जेसी लीचने ईमेल पाठवून बँड सोडला. त्याच्या जागी हॉवर्ड जोन्स आला. खोल, भारदस्त, जवळजवळ चर्चमधल्या गायकासारखा आवाज. ‘दि एंड ऑफ हार्टेक’ (२००४) त्याच्याच काळातला, आणि त्याच्या शीर्षकगीताला ग्रॅमीचे नामांकन मिळाले. २०१२ साली जोन्स बाहेर पडला आणि लीच परतला. चाहत्यांत दोन तट पडले, ते अजून आहेत. आपल्याकडच्या घराण्यांच्या भांडणांना लाजवतील असे. गायकांनी स्वतः मात्र ‘अटोन्मेंट’मध्ये एक गाणे एकत्र गाऊन तो विषय आपल्यापुरता संपवला.

एकदा त्यांनी आवाज बदलून पाहिलाही. २००९ साली, पहिल्यासारखेच बँडचेच नाव दिलेल्या अल्बमसाठी, ब्रेंडन ओब्रायन हा बाहेरचा ख्यातनाम निर्माता बोलावला. पर्ल जॅम आणि ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्याबरोबर काम केलेला माणूस. परिणाम गुळगुळीत झाला. माझ्या मते त्यांच्या सर्व अल्बमांत तो सर्वांत फिका आहे. पुढे सूत्रे पुन्हा डुट्‌किविचकडे गेली आणि तिथेच राहिली. आजचे सातत्य हे निव्वळ आळसाचे फळ नव्हे असे मी म्हणते ते या पुराव्यावरून. दुसरी वाट त्यांनी चालून पाहिली होती.

घराण्याचा उल्लेख निघालाच आहे तर एक शंका मीच उपस्थित करते. यमन पुन्हा गायला म्हणून गायकाला कोणी बोल लावत नाही, मग या बँडला का लावावा? दाखला आकर्षक आहे, पण तो पुरता लागू पडत नाही. यमन गाणारा दर मैफलीत नवा विस्तार करतो. अल्बम एकदा गोठला की गोठला. त्यामुळे ‘धिस कॉन्सिक्वेन्स’ला सवलत देता येणार नाही, आणि मी ती देतही नाही. काही ठिकाणी ध्रुपद येण्याआधीच ते कुठे वळणार हे कळते. ‘फॉरएव्हर अलाइन्ड’ हे गाणे पंधरा वर्षांपूर्वीच्या कोणत्याही अल्बममध्ये बेमालूम बसले असते.

तरीही हा अल्बम मी पुन्हा पुन्हा लावते, आणि कारण लीचचा घसा. २०१८ साली त्याच्या स्वरयंत्रावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर उपचार घेऊन त्याला आवाज कसा लावायचा हे जवळजवळ नव्याने शिकावे लागले. ज्या घशाने २००२ साली हात टेकले होते, तोच घसा तेवीस वर्षांनी, शस्त्रक्रियेनंतर, त्याच दोन टोकांमध्ये ये-जा करतो आहे : ‘कोल्यूजन’मध्ये चिडलेला, ‘आय बिलीव्ह’मध्ये मोकळा. गिटारींचा घाट तोच राहिल्यामुळे माणसाचे वय स्पष्ट ऐकू येते. पार्श्वभूमीही बदलली असती तर ते इतके जाणवले नसते. ‘अलाइव्ह ऑर जस्ट ब्रीदिंग’ आला तेव्हा मी पाळण्यातून नुकती बाहेर आले होते. त्या अल्बममधला तरुण आता माझ्या काकांच्या वयाचा आहे, आणि तो काय टिकवून आहे हे तुलना केल्याशिवाय कळत नाही.

तुलना करायचीच असेल तर असा क्रम धरावा : आधी ‘स्लॉटर ऑफ द सोल’, मग ‘अलाइव्ह ऑर जस्ट ब्रीदिंग’, मग ‘किलिंग विथ अ स्माइल’, आणि शेवटी ‘धिस कॉन्सिक्वेन्स’. चारही मिळून सुमारे अडीच तास लागतात. घरात कोणी दुपारचे आडवे झाले असेल तर हेडफोन लावूनच.