सायकल विकू नकोस

प्रिय बायडे,

मार्चमध्ये दुबईचा संसार आवरून कायमचं इकडे यायचं ठरलं, हे ऐकून आईनं देवापुढं साखर ठेवली. पण विकायच्या सामानाच्या यादीत तू सायकलचं नाव सगळ्यात आधी घेतलंस. "तिकडं आल्यावर चालवणार कुठं, दादा?" एवढं बोलून विषयही बदललास. तुझ्या या प्रश्नाला फोनवर उत्तर देता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलो. आणि पत्र सगळ्यांनी वाचावं असं लिहितो आहे, कारण हाच प्रश्न हुपरी, इचलकरंजी, कोल्हापुरातली कितीतरी माणसं विचारतात आणि चांगली सायकल भिंतीला टेकवून ठेवतात.

दुबईजवळच्या अल कुद्राबद्दल तू इतकं सांगितलं आहेस की तो रस्ता मला न बघताही ओळखीचा झालाय. वाळवंटात ८० किलोमीटरहून लांब, फक्त सायकलींसाठी बांधलेली वाट. गाडी नाही, हॉर्न नाही. वाळूत उभी ओरिक्स हरणं, पुढं ती खोदलेली तळी, आणि तळ्यांकाठच्या कच्च्या वाटांवर उतरलं की चाकाखाली खडे वाजायला लागतात. उन्हाळ्यात पहाटे चारला घर सोडायचं आणि ऊन चढायच्या आत परतायचं. माहेरी आल्यावर तू दोन दिवसांतच अस्वस्थ का होतेस, ते मला त्या वर्णनावरून कळलं. तिथं तू तासन्‌तास मागं वळून न बघता चालवतेस. इथं पंचगंगेचा पूल ओलांडेपर्यंत दहा वेळा मान वळवावी लागते.

तुझी भीती खोटी नाही. दिवाळीनंतर साखर कारखान्यांची धुराडी पेटली की आपल्या भागातला प्रत्येक रस्ता उसाचा होतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर उसाच्या मोळ्या बाहेर आलेल्या, मागं दिवा असेलच असं नाही. रेंदाळ, यळगूड, पट्टणकोडोली, कुठल्याही बाजूला निघ, पहाटेच्या अंधारात हेच समोर येतं. मग उरतात पाणंदी. त्या सुंदर आहेत, दोन्हीकडून ऊस, मध्ये एक बैलगाडी जाईल एवढी वाट. पण आपली जमीन काळी. पाऊस पडला की ती माती फुगते, चिकटते, चाक आणि चिमट्याच्या मध्ये भरते, आणि सायकल खांद्यावर घेऊन घरी यावं लागतं. वाळल्यावर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या दगडासारख्या कडक होतात. मैल-दोन मैल ठीक, दिवसभराची वाट म्हणून ती चालत नाही.

म्हणून पूर्वेला जायचं. सायकल छोट्या हत्ती टेम्पोत टाकायची, मिरज गाठायची, पंढरपूरच्या रस्त्याला लागायचं. दंडोबाचा डोंगर मागं पडला, कवठेमहांकाळ आलं की जमिनीचा रंग बदलतो. हुपरीतून निघाल्यापासून दोन-अडीच तासांत माणूस दुसऱ्याच हवामानात येतो. सह्याद्रीच्या कुशीतल्या गगनबावड्याला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस. तेच ढग डोंगर चढताना रिकामे होतात, आणि जत, आटपाडी, माण, सांगोल्यापर्यंत पोचतात तेव्हा ५०० मिलिमीटरच्या आसपासच काय ते उरलेलं असतं. भूगोलाच्या पुस्तकातलं वाळवंट २५० मिलिमीटरच्या खालचं असतं, तेव्हा माणदेश आणि जत ही काही वाळवंटं नव्हेत. पण बाभळ, हिवर, तरवड, कुसळी गवत आणि डोळ्याला अडवणारं काहीच नाही असं माळरान बघितलंस, तर तुला अल कुद्राची आठवण येईल, एवढं नक्की.

आणि जमिनीवर मुरूम. दख्खनचा काळा दगड कुजून, फुटून तो तयार होतो. सखल भागात तो आणखी झिजून काळी माती झाला, उंच माळावर मुरूमच राहिला. पाणी त्यावर थांबत नाही, खाली निघून जातं. तासाभरापूर्वी पाऊस झाला असला तरी चाक रुतत नाही. जुलैत पंचगंगा पात्राबाहेर येते, आपल्या दारात चिखल असतो, आपल्या चांदीच्या कारखान्यात कोळसासुद्धा ओलसर लागतो, त्याच आठवड्यात कवठेमहांकाळकडच्या ढालगावच्या माळावर कोरडी वाट आणि नुसता वारा असतो. सायकलीसाठी तो मोसम मला सगळ्यात आवडतो. हिरवळ नुकती फुटलेली, ऊन ढगाआड, आणि रस्ता आपला एकट्याचा.

त्या वाऱ्यामुळंच तिथं पवनचक्क्या आल्या. ढालगाव, जत, आटपाडीच्या पठारांवर त्या रांगेनं उभ्या आहेत, आणि प्रत्येकीपर्यंत अवजड पाती नेण्यासाठी मुरमाचा रुंद, बेताच्या चढाचा रस्ता केलेला आहे. काम झाल्यावर त्या रस्त्यांवर क्वचित एखादी देखभालीची जीप येते. काही ठिकाणी फाटक असतं, तिथं राखणदाराला विचारून जायचं. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून ताजे असताना पश्चिमेला चढायचं आणि परतताना वारा पाठीवर घ्यायचा. हे मी तुला आधीच सांगतो, कारण उलट केलं तर शेवटचे दहा किलोमीटर माणसाला रडवतात.

दुसरी वाट कॅनॉलची. म्हैसाळ आणि टेंभू या योजनांनी कृष्णेचं पाणी उचलून टप्प्याटप्प्यानं या उंच मुलखात चढवलं. पाणी वर चढवायचं हे ऐकायला सोपं. त्यासाठी इथल्या माणसांनी किती वर्षं मोर्चे काढले, आटपाडीत पाणी परिषदा भरवल्या, नागनाथअण्णा नायकवडींसारखे स्वातंत्र्यसैनिक म्हातारपणातही त्यात उभे राहिले. आज कॅनॉलच्या भरावावरून देखरेखीचा रस्ता जातो. पाण्याचं आवर्तन सुटलेलं असलं की एका बाजूला भरून वाहणारं पाणी, दुसऱ्या बाजूला डाळिंबाच्या बागा, आणि बागेच्या हद्दीपलीकडं पुन्हा उघडा माळ. रस्ता जवळजवळ सपाट, कारण पाण्याला जेवढा उतार लागतो तेवढाच. भाच्याला मागं घेऊन सुरुवात करायची असेल तर इथूनच कर, मात्र पाण्याच्या कडेची बाजू सोडून चालव.

बायडे, हे रस्ते रिकामे का आहेत, याचा विचार मी त्या माळावर बसून केला आहे. दुबईतली वाट मुद्दाम रिकामी ठेवली, कारण ठेवणाऱ्यांकडं पैसा होता. इथल्या वाटा दुष्काळानं रिकाम्या केल्या. व्यंकटेश माडगूळकर याच मुलखातले, माडगूळ्याचे. १९५५ ची त्यांची 'बनगरवाडी' ही कादंबरी अख्खं गाव दुष्काळानं ओस पडतं तिथं संपते. खानापूर, विटा, आटपाडीकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या गाव सोडून गलाईला, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या कामाला, गेली. तामिळनाडूत, केरळात, बंगालात, भारतभर कुठल्याही सराफ पेठेत भट्टीपाशी बसलेला माणूस मराठी बोलला तर तो बहुधा त्या गावांचा निघतो. आपले अण्णा पैंजणांचे नमुने घेऊन परमुलखात फिरायचे, तेव्हा अनोळखी गावात त्यांना जेवायला घालणारं घर याच गलाईवाल्यांचं असायचं. आपल्या घरात जी चांदी आली, तिच्यातली किती त्यांच्या मुशीतून आली असेल! त्यांनी सोडलेल्या गावांच्या वाटांवर आपण हौसेनं सायकल चालवायला जातो, तेव्हा हे मनात असावं असं मला मनापासून वाटतं.

म्हणून एका गोष्टीत माझं आपल्या सायकलवाल्या मित्रांशी पटत नाही. ते म्हणतात, या वाड्यांना डांबर नकोच, मुरूमच छान. पण वाडीतल्या बाळंतिणीला रात्री दवाखान्यात न्यायचं असतं, द्राक्षं न आपटता बाजारात पोचवायची असतात. त्यांना डांबर मिळालंच पाहिजे, आणि ते मिळालं की मी आनंदानं पेढा खाईन. आपण मागायचं ते वेगळं. कॅनॉलचे भराव, पवनचक्क्यांचे रस्ते, वनखात्याच्या कुरणांकडेच्या वाटा, यांवर तशीही वाहतूक नाही. त्या जोडून, खुणेचे दगड लावून, सायकलीला आणि पायी माणसाला रीतसर मोकळ्या करून द्याव्यात. स्पेनमध्ये बंद पडलेल्या रेल्वेमार्गांच्या अशाच वाटा केल्या, त्या आता ३,००० किलोमीटरच्या वर आहेत.

अमेरिकेत कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाचं गाव आहे, साधारण आपल्या हुपरीएवढं. भोवती फ्लिंट हिल्स, म्हणजे गारगोटीनं भरलेला माळ. जमीन इतकी खडकाळ की नांगर चाललाच नाही, म्हणून गवत टिकलं आणि खडीचे रस्ते टिकले. २००६ साली तिथं मूठभर लोकांनी ३२० किलोमीटरची खडीवरची शर्यत सुरू केली. आता जगभरातून हजारो लोक येतात, आणि त्या दिवसांत गावातल्या खानावळीपासून शाळेच्या मैदानापर्यंत सगळ्यांना काम असतं. नांगराला नको असलेली जमीन गावाच्या कामाला आली. आपल्या महसुली कागदात माळरानाला पडीक म्हणतात. त्या पडीक जमिनीवर माडग्याळी मेंढ्या चरतात, लांडगा आणि खोकड राहतात. तिच्या कोरड्या हवेवर सांगोल्याकडच्या जुनोणीच्या शेडमध्ये द्राक्षाचा बेदाणा होतो. ढालगावला किंवा जतला शंभर सायकलवाले मुक्कामाला राहिले, तर तिथल्या बाजरीच्या भाकरीला आणि मडक्यातल्या दह्याला किंमत येईल. मला गर्दीची शर्यत नको आहे, पण एवढं व्हावं असं वाटतं.

आता कामाचं सांगतो. तुझे टायर ४० मिलिमीटरचे आहेत ना? उत्तम. डांबरावर ठेवतेस तेवढी हवा इथं ठेवू नकोस, ३५-४० पौंडांवर ये, म्हणजे हाताला बसणारे हादरे कमी होतील. खरा शत्रू बाभळीचा काटा आणि त्याहून जास्त सराटा. गवतात लपलेला असतो, दिसतच नाही. टायर ट्यूबलेस करून आत सीलंट भरून आण. कुसळी पिकलेली असेल तेव्हा पायवाट सोडून गवतात शिरू नकोस.

मेंढरांचा कळप समोर आला तर उतरायचं. धनगराची कुत्री सायकलीवर धावून येतात, ते त्यांचं कामच आहे. खाली उतरून सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरायची आणि मेंढक्याला हाक मारायची, की लगेच शांत होतात. नंतर पाच मिनिटं त्याच्याशी बोल. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला तो येऊन गेलेला असतो, हुपरीचं नाव काढलं की ओळख निघते. आपल्या भागात शेतात मेंढ्या बसवायलाही त्यातले काही येतात. पाणी त्याच्याकडं मागू नकोस, त्यानं ते लांबून आणलेलं असतं. तीन बाटल्या आपल्या आपण न्यायच्या.

दाजींना सांग, खोक्यात भरताना पेडल काढा, हँडल फिरवून फ्रेमला बांधा, मागच्या गिअरच्या दांडीला पुठ्ठा गुंडाळा. जास्तीचे दोन टायर आणि सीलंटच्या बाटल्या तिकडूनच आण, तुझ्या मापाचे इथं मागवावे लागतात आणि वेळ जातो. एप्रिल-मेच्या उन्हात नको. मृगाचा पाऊस आपल्याकडं नीट लागला, की त्याच आठवड्यात ढालगावला जाऊ. गाडी मी सांगून ठेवतो.

तुझा,
दादा
हुपरी