तीन महामार्ग आणि एक पॉवर प्लग

जळगावहून धुळं सुमारे ९५ किलोमीटर. एसटीने, काळी-पिवळीने, कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून हा रस्ता मी आयुष्यभर केला, पण ९५ या आकड्याकडे कधी लक्ष गेलं नव्हतं. यंदा दिवाळीच्या आधी भाच्याच्या इलेक्ट्रिक गाडीतून निघालो आणि कळलं, की हा आकडा मोठा अडचणीचा आहे. गाडीची बॅटरी ३० युनिटांची. विजेच्या बिलावर असतं तेच हे युनिट. एसी लावून महामार्गाच्या वेगाने गेलं तर ही बॅटरी दोनशेच्या आत-बाहेर नेते. म्हणजे जाणं बिनघोर, येणं मात्र दुसऱ्याच्या प्लगच्या भरवशावर.

माझं काम राजवाडे संशोधन मंडळात होतं. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले, त्यांच्या नावाने तिथे दप्तरं जपून ठेवली आहेत. भाच्याला सुट्टी होती, शिवाय नवी गाडी मामाला दाखवायची हौस. त्याच्या घरी पार्किंगमध्ये चार्जर बसवलेला आहे. रात्री लावला की सकाळी गाडी भरलेली. "मामा, गावात काहीच अडचण नाही. अडचण आहे ती गावाबाहेर पडल्यावर," असं त्याचं ठाम मत.

विद्यापीठ आणि गिरणेवरचा बांभोरीचा पूल मागे टाकून पाळधीला लागलो. हा सुरत-नागपूर-कोलकाता महामार्ग. त्यातल्या तरसोद ते फागणे या तुकड्याचं चौपदरीकरण इतकी वर्षं रेंगाळलं, की खान्देशात लहान पोरांनाही ही दोन नावं पाठ झाली. आता बराचसा रस्ता गुळगुळीत आहे. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली, वेचणी चालू, आणि कापसाने फुगलेल्या पिकअप गाड्या डाव्या लेनमधून झुलत चाललेल्या. आमच्या गाडीला आवाजच नाही, त्यामुळे ओव्हरटेक करताना भाचा उगाचच हॉर्न वाजवत होता.

एरंडोलच्या अलीकडे मी त्याला विचारलं, सरकारचं या रस्त्यासाठी काय ठरलंय? त्याला हा विषय तोंडपाठ. राज्याचं आधीचं ई-वाहन धोरण २०२१ च्या जुलैत आलं. त्यात शहरवार चार्जिंग स्टेशनांचे आकडे होते: बृहन्मुंबई १,५००, पुणे ५००, नागपूर १५०, नाशिक १००, औरंगाबाद ७५, अमरावती ३०, सोलापूर २०. जळगाव नाही, धुळं नाही. चार रस्ते पूर्ण सज्ज करायचे होते, मुंबई-पुणे, मुंबई-नाशिक, नाशिक-पुणे आणि मुंबई-नागपूर. यातला शेवटचा म्हणजे आमच्या दारावरून जाणारा रस्ता, असं वाटून कुणी इथे खूश झालं असेल तर व्यर्थ. आता मुंबई-नागपूर म्हटलं की समृद्धी महामार्ग, आणि समृद्धी ज्या दहा जिल्ह्यांतून जाते त्यांत आमचे दोन्ही नाहीत. २०२५ च्या नव्या धोरणाने इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी दिली तीही समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती आणि अटल सेतूवर. तो हे सांगत असतानाच टोलनाका आला आणि फास्टॅगमधून पैसे गेले. आम्ही दोघेही हसलो.

नवं धोरण महामार्गावर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय असावी असं म्हणतं. केंद्राने २०१८ सालीच हे अंतर सांगितलं होतं, आणि चार्जिंग स्टेशन काढायला वीजविक्रीचा परवाना लागत नाही, हेही त्याच वर्षी स्पष्ट केलं होतं. कागद कमी पडले असं कुणी म्हणू नये.

पारोळ्याच्या आसपास एका हॉटेलच्या आवारात चार्जर होता. पारोळा म्हणजे झाशीच्या राणीच्या माहेरचं, तांब्यांचं गाव. किल्ला बघायचा होता, पण त्याऐवजी तासभर एका मशीनसमोर उभं राहिलो. भाच्याच्या मोबाइलमध्ये चार्जिंगची ॲपच ॲप. प्रत्येक कंपनीचं निराळं, प्रत्येकात आधी पैसे भरून ठेवायचे. ओटीपीसाठी रेंज शोधत तो हॉटेलच्या मागच्या बांधापर्यंत गेला. गन लावल्यावर मशीन सुरू झालं, चार-पाच युनिटं गेली आणि बंद पडलं. तिथल्या पोराला त्याचं काही विशेष वाटलं नाही. "व्होल्टेज पडलं की ती आपोआप बंद होती. आता शेताच्या मोटारी चालू असतील. थांबा थोडं."

या पोराने जे एका वाक्यात सांगितलं त्यात अर्धा विषय आला. असं जलद चार्जिंगचं एक मशीन ६० किलोवॅटपर्यंत वीज मागतं. गावातल्या पाच-सहा मोठ्या घरांचे एसी, गिझर, मोटारी सगळं एकदम चालू केल्यासारखं. त्याला स्वतःची डीपी हवी, जाड केबल हवी. जिथे आहे त्याच डीपीवर भागवलं, तिथे मशीन नकाशावर हिरवं दिसतं आणि प्रत्यक्षात झोकांड्या खातं. बाजेवर बसलेले एक आजोबा मघापासून बघत होते. "गाडीले कितला येळ लागस?" त्यांनी विचारलं. भाच्याने सांगितलं, नीट चाललं तर तासभर. आजोबांनी मान हलवली आणि चहा सांगितला, आमच्यासाठीसुद्धा.

मुकटी, फागणे, आणि मग धुळं. इथे मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूरकडचा असे तीन महामार्ग एकत्र येतात. बाहेरच्या हॉटेलांवर भाच्याला चांगलं मशीन मिळालं. आमच्या पुढे गुजरात पासिंगची गाडी, मागे मध्य प्रदेशची. त्याला मुद्दा सिद्ध झाल्यासारखं वाटलं: सोय वाढतेय, अजून थोडी वाढली की झालं. गाडी तिथेच लावून आम्ही शहरात जायला इलेक्ट्रिक रिक्षा केली, आणि मग त्याचं मत मला अर्धंच पटायला लागलं.

रिक्षावाला भाड्याच्या खोलीत राहतो, पहिल्या मजल्यावर. रात्री खिडकीतून वायर खाली सोडतो. घरमालक महिन्याला वेगळे पैसे घेतो आणि वर कुरकुर करतो. बॅटरी दुपारपर्यंत पुरते. मग घरी जाऊन दोन तास गाडी लावून बसायचं. म्हटलं, हायवेवर एवढी मशीनं आहेत ना? तो म्हणाला, "ती गन आमच्या गाडीत बसतच नाही, काका." खरं होतं. त्याची बॅटरी ४८ व्होल्टची, चार्जर सोबतच, त्याला हवा फक्त पंधरा अँपिअरचा पॉवर प्लग. लाखो रुपयांचं मशीन त्याच्या कामाचं नाही. असा साधा, मोजून वीज देणारा पॉइंट ३,५०० रुपयांत बसावा असं केंद्राने २०२१ मध्ये ठरवलं होतं. पण स्टेशनं किती झाली हे मोजताना डोळे असतात महामार्गावरच्या मशीनवर. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगसाठी २,००० कोटी ठेवले आहेत. त्यातले थोडे जरी रिक्षा स्टँडवर उतरले, तर खान्देशात जे राहतात त्यांची सोय होईल. आजवरची बहुतेक सोय इथून जे नुसते जातात त्यांची.

वेळेचंही बघा. केंद्राच्या २०२४ च्या नियमांत सकाळी ९ ते दुपारी ४ या सौर तासांत स्टेशनला वीज सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट दराने द्यायची, इतर वेळी १.३ पट. रिक्षावाल्याची विश्रांती बरोबर याच तासांत येते. साक्रीजवळ शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे, ब्राह्मणवेलला पवनचक्क्या, तिकडे भुसावळजवळ दीपनगरला कोळशाची वीज. वीज पिकवण्यात आम्ही कुणाला हार जाणार नाही.

बसस्थानकाजवळच्या स्टँडवर उतरताना भाच्याने त्याला हिशोब करून दाखवला: इथेच चार पॉइंट लावले, दुपारी दीड तास गाड्या लागल्या, तर घरमालकापेक्षा स्वस्त. आजूबाजूचे दोघे-तिघे जमले. एकाने विचारलं पाऊस आला तर काय, दुसऱ्याने विचारलं डिझेलवाले जागा सोडतील का. आमच्या रिक्षावाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाकी जमेल. पण मीटर कुणाच्या नावावर घ्यायचं? जागा आमची नाही."

"महापालिकेच्या," भाचा म्हणाला.

तो मोठ्याने हसला. तेवढ्यात देवपूरच्या तीन सीटा आल्या आणि तो गेला.