भरीत बाटलीत राहत नाही

त्या वर्षी वांग्याला भाव नव्हता. पौषात तर तोडणीची मजुरी आणि बाजारापर्यंतचं भाडंही सुटेना. शेवटचे दोन तोडे ह्यांनी सरळ घरी आणून ओसरीत ओतले. जळगावजवळच्या असोद्याची भरिताची वांगी ज्यांनी पाहिली नसतील त्यांना सांगते, ती जांभळी नसतात. फिकट हिरवी असतात, अंगावर पांढुरक्या रेघा, आत बी कमी आणि गर भरपूर. अर्धा किलोचं एक वांगं आमच्याकडे नवलाचं नाही. अशा वांग्यांचा ढीग ओसरीच्या खांबापर्यंत गेला होता आणि तो कुठेच जाणार नव्हता, हे पाहून मला रडू येत होतं.

चातुर्मासात आम्ही वांगं खात नाही. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की वांगं सुटतं आणि मग शेताशेतांत भरिताच्या पार्ट्या सुरू होतात. कपाशीच्या वाळलेल्या काड्या पेटवायच्या, त्यांच्या जाळावर वांगी काळी होईपर्यंत भाजायची, सालं काढून गर लाकडी बडगीत ठेचायचा. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात आणि हात आखडता न घेता तेल. सोबत कळण्याची भाकरी. ते भरीत गॅसवरच्या वांग्याचं होत नाही. काड्यांचा धूर गरात उतरतो, तीच त्याची चव.

माझी मुलगी अमेरिकेत ओहायोत राहते. तीन हिवाळे तिला इकडे येता आलं नव्हतं. फोनवर एकदा म्हणाली, “आई, इथलं वांगं ओव्हनमध्ये शिजतं गं, भाजत नाही.” त्या तीन हिवाळ्यांच्या आधी ती दिवाळीत आली तेव्हा डझनभर काचेच्या बाटल्या घेऊन आली होती. जाड काच, वर पत्र्याची सपाट चकती आणि ती दाबून धरणारं आट्याचं कडं. तिच्या शेजारच्या म्हाताऱ्या बाई उन्हाळ्याच्या शेवटी परसातले टोमॅटो, घेवडा, पीच असं सगळं या बाटल्यांत भरून वर्षभर फडताळात ठेवतात, फ्रीज न लावता. ओसरीतला ढीग पाहताना मला त्या बाटल्या आठवल्या. ठरवलं की भरीत बाटलीत भरायचं.

दोन दिवस खपले. चाळीस वांगी भाजली, गर ठेचून गरम केला, चवीपुरतं मीठ घातलं. मिरची-लसूण लेकीने तिथे घालावी असा बेत. बाटल्या उकळून घेतल्या, गरम गर भरला, झाकणं लावली. हंड्याच्या तळाशी फडकं घालून त्यावर बाटल्या उभ्या केल्या आणि तासभर खळखळ उकळल्या. बाहेर काढून ठेवल्यावर थंड होताना एकेका झाकणाचा ‘टक्’ असा आवाज झाला. चकती मधोमध खाली बसली. आतली वाफ निवून पोकळी झाली, हवा राहिली नाही, याची ती खूण. बारा बाटल्या, बारा आवाज. मी खूप आनंदले होते.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांच्या. दोन्ही दिवस खाटेवर बसून पाहत होत्या. सगळं आवरल्यावर त्यांनी विचारलं, “याच्यात आंबट काय टाकलं?”

“काही नाही.”

“मीठ?”

“चवीपुरतं.”

“तेल?”

“तेही नाही, आत्याबाई.”

“मंग हे टिकीन कशावर?”

मी म्हटलं, “हवा काढलीय ना.” त्या काही बोलल्या नाहीत. तो प्रश्न किती नेमका होता हे मला तेव्हा कळलं नाही.

नवव्या दिवशी कपाट उघडलं तर दोन झाकणं फुगली होती. एकीच्या कडेने फेस ओघळला होता. त्या दोन्ही बाजूला ठेवून मी तिसरी उघडली. तिचं झाकण व्यवस्थित खाली बसलेलं होतं, गराचा रंग होता तसाच, वास चांगला, धुरकट. चमचा भरून तोंडाशी नेला तेवढ्यात मागून आवाज आला, “पोरी, जे आपल्याले समजत नही ते तोंडात घालू नही.” मला राग आला. दोन दिवसांची मेहनत होती, लेकीची आठवण होती. पण हात खाली आला.

रात्री लेकीला फोन केला. तिने शेजारच्या बाईंना विचारलं. उत्तर लगेच आलं: चाखू नका, गुराढोरांनाही घालू नका, सगळ्या फेकून द्या. आणि वांग्याचा ठेचलेला गर तर त्या स्वतः कधीच बाटलीत भरत नाहीत. सकाळी ह्यांनी गोठ्यामागे खोल खड्डा केला. उघडलेल्या बाटलीसकट बाराच्या बारा बाटल्या आम्ही त्यात पुरल्या.

काय चुकलं ते पुढे भाजीपाला टिकवण्याच्या एका प्रशिक्षणात कळलं. तिथल्या अन्नतंत्रज्ञानाच्या मॅडमना मी माझी सगळी कृती सांगितली, तर त्यांचा चेहराच उतरला. मातीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जीवाणू असतो. त्याचे बीजाणू भाजीबरोबर घरात येतात. एरवी ते काही करत नाहीत, कारण या जीवाणूला हवा चालत नाही. आपण बाटली उकळतो तेव्हा बाकीचे जंतू मरतात, पण हे बीजाणू १०० अंशांच्या पाण्यात तासभर राहूनही जगू शकतात. मग आपणच हवा काढून टाकतो, ओलावा आणि ऊब देतो आणि झाकण घट्ट बसवतो. त्याला हवं तसं घर. आत तो जे विष तयार करतो त्याने माणसाच्या नसा लुळ्या पडतात, श्वासही बंद पडू शकतो. फुगलेलं झाकण निदान सांगतं तरी. कित्येकदा झाकण फुगत नाही, वास येत नाही, रंग बदलत नाही. तोंडाशी नेलेला तो चमचा मला त्या वर्गात बसल्या बसल्या दिसत होता.

हा जीवाणू आंबटात वाढत नाही. आम्लता मोजायच्या पट्टीवर ४.६ हा आकडा महत्त्वाचा. त्याच्या खालचं म्हणजे आंबट, ते उकळत्या पाण्यात बाटलीबंद करता येतं. वांगं, भेंडी, गवार, घेवडा, मका ही सगळी मंडळी त्या रेषेच्या वर. ती भरायची तर ११६ ते १२१ अंशांपर्यंत तापवावी लागतात आणि एवढी उष्णता दाबाखालच्या वाफेतच मिळते. मी म्हटलं, घरी कुकर आहे. मॅडम म्हणाल्या, शिट्टीचा कुकर यासाठी नाही. लहान असतो, लवकर तापतो, लवकर निवतो, आत दाब किती आणि किती वेळ टिकला ते दाखवणारा काटा नसतो. शिवाय ठेचलेला गर दाट. बाटलीच्या मधोमध उष्णता पोचायला किती वेळ लागेल याचा भरवसा नाही. ओहायोतल्या बाई घेवडा ज्या भांड्यात लावतात त्याला घड्याळासारखा काटा असतो आणि त्यांच्या हाताशी प्रत्येक भाजीचं छापील कोष्टक असतं.

एक गोष्ट मात्र मला धीर देऊन गेली. अन्न बाटलीत भरून उकळून टिकवायची रीत निकोला अप्पेर या फ्रेंच आचाऱ्याने शोधली, १८१० साली सरकारकडून त्याला १२,००० फ्रँकचं बक्षीस मिळालं. पण अन्न का टिकतं, हे त्यालाही माहीत नव्हतं. सूक्ष्मजीवांचं कारण लुई पाश्चरने उलगडलं ते पुढे पन्नास वर्षांनी. म्हणजे हात आधी शिकतो, कारण मागून येतं. आत्याबाईंचंही तसंच होतं.

घरी आल्यावर मी कोठीच्या खोलीत उभी राहून प्रत्येक बरणीला त्यांचा प्रश्न विचारला: तू कशावर टिकलीस? कैरीचं लोणचं आंबटावर आणि मिठावर. वरचा तेलाचा थर बुरशीला हवा मिळू देत नाही, पण खरं राखण आंबटाचं. नुसता लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवला तर तो धोक्याचाच, कारण तिथे आंबट नाही. मोरंबा साखरेवर. लिंबू मिठावर आणि स्वतःवर. आणि बाकी सगळं उन्हावर.

हे ऊन आमची खरी दौलत आहे. आमच्या बोलीत ळ चा य होतो, म्हणून वाळवणाला आम्ही वायवन म्हणतो. एप्रिल-मे महिन्यांत जळगावचा पारा ४३-४४ वर जातो, हवेत ओलाव्याचं नाव नसतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी यायच्या आत गच्च्या भरून जातात. भिजवून दळलेल्या ज्वारीचा घाटा रात्रीच चुलीवर चढतो. तीळ, जिरं, लसूण, मिरची घालून तो घोटायला दोघीतिघी लागतात. पहाटे खाटेवर ओलं धोतर अंथरून त्यावर ओल्या हाताने बिबडे थापायचे. मुलं त्या घाट्यासाठी वाट्या घेऊन उभी असतात; मीही उभी राहिलेली आहे. गव्हाच्या चिकाच्या कुरडया, उडदाचे पापड, कोहळ्याचे सांडगे, वांग्याच्या आणि भेंडीच्या काचऱ्या, हरभऱ्याचा पाला, मेथी. वाळलं की नाही हे आत्याबाई कानाने ठरवतात. काचरी वाकली तर परत उन्हात. ‘कट्’ करून मोडली तर डब्यात. त्या आवाजाचा अर्थ एवढाच की जंतूंना जगायला लागतं तेवढं पाणी आत उरलेलं नाही. जळगावात जैन इरिगेशनच्या कारखान्यात कांदा निर्जल करून परदेशी पाठवतात. तिथे यंत्रं आहेत, तपासणी आहे, पण तत्त्व हेच.

ओहायोतल्या बाईंच्या वाट्याला हे ऊन नाही. त्यांचा उन्हाळा आखूड, दमट. म्हणून त्यांनी काच, झाकण आणि दाब यांचा आधार घेतला. ती कमीजास्त रीत नाही, त्यांच्या हवेची आहे. मला दोघींचं पटतं.

बाटलीची रीत मी टाकून दिली नाही, लेकीने पुन्हा बाटल्या पाठवल्यावर त्या टोमॅटोसाठी ठेवल्या. टोमॅटो ४.६ च्या अगदी काठावर असतो, जातीप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे इकडेतिकडे सरकतो. म्हणून ठेचून उकळलेल्या टोमॅटोच्या लिटरभर बाटलीत अर्धा चहाचा चमचा सायट्रिक ॲसिड घालायचं, किराणा दुकानात ते लिंबूसत्त्व म्हणून मिळतं. लिंबू पिळणं मी सोडलं, कारण दर लिंबाचा आंबटपणा वेगळा. वर अर्धा इंच जागा मोकळी, बाटल्या बुडून वर चार बोटं पाणी, उकळी फुटल्यापासून पाऊण तास. इथे अंदाज चालत नाही. मी चमचा सपाट करून मोजते आणि झाकणावर तारीख लिहिते. या बाटल्या टिकतात.

भाजलेल्या वांग्याचा गर फ्रीझरमध्ये छान राहतो, पण गावात वीज जाते, आणि तो ओहायोला कसा जाणार? पुढच्या हिवाळ्यात मी पुन्हा ओसरीतल्या वांग्यांकडे पाहत बसले होते तेव्हा आत्याबाईच म्हणाल्या, “कोहळ्याचं करतो तसं याचं करून पाय.” सांडगे! मला सुचलंच नव्हतं.

काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचा गर रात्रभर फडक्यात टांगून ठेवला. पाणी निथळून गेलं. भिजवलेली उडदाची डाळ रवाळ वाटली, त्यात गर, तीळ, लसूण, लाल तिखट, मीठ. माघातलं ऊन कोवळं असलं तरी वारा कोरडा असतो; चौथ्या दिवशी सांडगा मोडला तो आवाज आत्याबाईंना खाटेवरून ऐकू गेला. तेलात टाकल्यावर स्वयंपाकघरात काड्यांच्या जाळाचा वास आला. भरीत नव्हतं ते. पण धूर आला होता, पूर्ण.

तेव्हापासून मी वही ठेवते. असोदा हे कवयित्री बहिणाबाई चौधरींचं माहेर. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ यांनी गाणी उतरवून घेतली म्हणून बहिणाबाईंच्या मागे, १९५२ साली, ती पुस्तकात आली. आमच्या घरातल्या कृती तेवढ्या मोलाच्या आहेत असं मी म्हणत नाही. पण त्याही फक्त तोंडात आणि हातात आहेत.

सांडगे ओहायोला पोचले आणि महिन्याभरात संपले. लेकीचा फोन आला. तिकडच्या उन्हाळ्यात अंगणात कोळशावर वांगी भाजून ती स्वतः करणार होती, वाळवायला शेजारच्या बाई त्यांचं विजेचं यंत्र देणार होत्या. “उडीद किती, आई?”

मी वही उघडली. लिहिलं होतं: दोन मोठ्या वांग्यांना पाच मुठी.

“कोणाच्या मुठी?”

मी फोन तसाच ठेवून वजनकाटा आणला, डाळीचा डबा आणला आणि आत्याबाईंपुढे बसले. “मूठ काय मोजतं, व माय?” म्हणत त्यांनी डब्यात हात घातला. तीनदा मूठ भरून काट्यावरच्या वाटीत उघडायला लावली, दर वेळी वाटी रिकामी करून. ४४ ग्रॅम. ४६ ग्रॅम. ४५ ग्रॅम.