आमच्या घरचा फिरता डबा

घरच्या घरी फोटोची फिल्म धुण्याचा नाद मला वडिलांकडून लागला. अकोल्यास जुन्या शहरात आमचा वाडा होता, आणि तेथील न्हाणीघर दर रविवारी रात्री वडिलांच्या ताब्यात असे. पुढे मी अमरावतीस शाळेत संस्कृत शिकवू लागलो. मी मॅट्रिक झालेला, पुढचे शिक्षण सारे व्याकरणाचे. रसायनशास्त्राशी संबंध नाही. तथापि डेव्हलपर आणि हायपो यांच्या बाटल्या गेली पस्तीस वर्षे आमच्या फळीवर शिकेकाईच्या डब्याशेजारी नांदत आल्या आहेत, आणि त्याबद्दल घरातील कोणीही आजवर तक्रार केलेली नाही.

गेल्या कार्तिकात तो अकोल्याचा वाडा विकला गेला. वाटेकरी अनेक, दुरुस्तीचा खर्च कोणालाच न पेलणारा. तेव्हा निर्णय योग्यच होता. सामान हलविण्याच्या दिवशी मुलांनी मोबाइलवर ओसरी टिपली, विहीर टिपली, बंगईवर बसून स्वतःचीही छायाचित्रे काढली. स्वयंपाकघराकडे मात्र कोणी फिरकले नाही. सौ. एकटीच तेथे गेली आणि माझ्या आईच्या थंड चुलीपुढे क्षणभर बसली. लग्न होऊन आली त्या वर्षी ती प्रथम याच चुलीपुढे बसली होती. वडिलांचा कॅमेरा माझ्या गळ्यात होता; मी दारातून कळ दाबली. पंधरा दिवसांत वाडा जमीनदोस्त झाला. त्या स्वयंपाकघराची खूण म्हणून आता जगात काय ती माझ्याजवळची दोन रोल फिल्म उरली, आणि तीही न धुतलेली.

फिल्म धुण्याची रीत वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. पूर्ण अंधारात फिल्म चक्रीवर गुंडाळून डब्यात बंद करावयाची. मग २० अंश उष्णतेचा डेव्हलपर ओतून डबा ठरावीक वेळाने कलंडवीत राहावयाचे. फिल्मीला लगटलेले द्रावण काम करून थकते. ते बाजूस सारून ताजे द्रावण तेथे आणले नाही तर चित्र डागाळते. नंतर हायपो, आणि शेवटी भरपूर पाणी. आमच्या घरी फिल्म गुंडाळणे, घड्याळ आणि उष्णतामापक मजकडे, व डबा कलंडविणे सौ.कडे, अशी वाटणी पहिल्यापासून होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या बोटांचे सांधे सुजू लागले आणि डॉक्टरांनी असली कामे बंद करावयास सांगितली. "मग तुम्हीच हलवा की," असे कोणीही म्हणेल. मी हलवून पाहिले. घड्याळ, मापक आणि डबा ही त्रयी मला एकट्याला आवरेना. फिल्म ढगाळ निघाली. त्यानंतर बाटल्यांवर धूळ साचली होती.

परदेशी यावर तोडगा फार पूर्वीच निघालेला आहे. सिनेमाच्या आरंभकाळात युरोप-अमेरिकेत लांबच लांब फिल्म मोठ्या लाकडी ड्रमाभोवती गुंडाळून उथळ कुंडात फिरवीत असत. पुढे १९७० च्या सुमारास घरी रंगीत फोटो छापणाऱ्यांसाठी आडवे बंद ड्रम आणि त्यांना फिरविणारी मोटरची बैठक विकत मिळू लागली. ड्रम आडवा असल्यामुळे थोडेसे द्रावण तळाशी राहते आणि फेऱ्यागणिक फिल्मीचा प्रत्येक भाग त्यात बुडून वर येतो. उभ्या डब्यास लागते त्याच्या जवळजवळ निम्म्या द्रावणात काम भागते. हल्ली रसायनांचे भाव पाहता ही बचत थोडी नव्हे.

असा एक कागदी फोटोंचा ड्रम अकोल्यात बंद होत असलेल्या एका स्टुडिओतून मला स्वस्तात मिळाला. बैठक मात्र नव्हती. ती मी आणि नातवाने मिळून केली. एक जुना पाट, त्यावर आडवी बसविलेली दोन सरळ लाटणी, लाटण्यांवर सायकलच्या ट्यूबचे आवरण म्हणजे ड्रम घसरत नाही, आणि एका लाटण्याला जोडलेली १२ व्होल्टची दातेरी चक्रांची छोटी मोटर. मोटर मिनिटाला १०० फेरे घेते. लाटणे ४ सेंटिमीटर जाड, ड्रम १० सेंटिमीटर. म्हणून ड्रमाचे फेरे ४०. भास्कराचार्यांच्या लीलावतीतले व्यस्त त्रैराशिक इतक्या वर्षांनी उपयोगी पडले! ड्रमात चक्र्या सैल बसत, तेव्हा प्लास्टिक नळीचे काप मध्ये घालून त्या आवळल्या. पाट गवंड्याच्या पाणसळीने समतल केला. नाहीतर द्रावण एका टोकास जमून दुसऱ्या टोकाची फिल्म कोरडी राहील. लाटणी गेली याबद्दल सौ. एवढेच म्हणाली, "पोळ्या आता ड्रमावरच करा."

मार्गशीर्षात एक बिनमोलाची फिल्म प्रयोगास घेतली. वहीतील जुन्या नोंदीप्रमाणे दहा मिनिटे ड्रम फिरविला. निगेटिव्ह काढून पाहतो तो ती काजळासारखी दाट, आणि कडांना ओघळांसारखे पट्टे! दाटपणाचे कारण थोड्या विचाराने उमगले: अखंड हालचालीने डेव्हलपर अधिक वेगाने काम करतो, म्हणून वेळ सुमारे सातवा हिस्सा कमी हवी होती. पट्ट्यांचे मात्र कोडे सुटेना. सौ.ने निगेटिव्ह खिडकीशी धरली आणि विचारले,

"अहो, तुमची ही मोटर एकाच बाजूने फिरते का?"

"हो."

"मी डबा असा कधी फिरवला? एकदा इकडे, एकदा तिकडे. मध्ये जरा दम घ्यायचा, आणि बूड ओट्यावर हलकेच आपटायचे, म्हणजे बुडबुडे सुटतात."

"हे माझ्या वहीत कोठेच नाही," मी म्हणालो.

"तुम्ही कधी विचारलेत?"

त्या रात्री मी ती वही काढून बसलो. पस्तीस वर्षांच्या नोंदी: तारीख, उष्णता, मिनिटे, रसायनाचे प्रमाण. डबा कोणी व कसा हलविला याविषयी एक अक्षर नाही. मला दादासाहेब फाळक्यांच्या घराची आठवण झाली. १९१२ साली त्यांनी विलायतेहून कॅमेरा आणला. कोऱ्या फिल्मीच्या कडांना भोके घरीच पाडावी लागत; सरस्वतीबाई अंधारात बसून ते काम शिकल्या, रसायने कालवावयास व फिल्म धुवावयास शिकल्या, आणि शिवाय साऱ्या मंडळींचा स्वयंपाक त्याच करीत. दागिनेही त्यांनीच काढून दिले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. त्याचे कर्तेपण जगाने दादासाहेबांना दिले, आणि ते योग्यच. परंतु त्या वाक्यातील दुसरा कर्ता फार उशिरा वाचला गेला.

मी जन्मभर मुलांना कारके शिकविली. रामाने बाणाने मारले; राम कर्ता, बाण करण. हात हे करण, असे मी कितीदा फळ्यावर लिहिले असेल. माझ्या वहीत प्रत्येक वाक्याचा कर्ता मी, आणि सौ.चा हात तृतीया विभक्तीत, तोही अध्याहृत! वास्तविक दोन्ही बाजूंनी फिरविणे, मध्ये थांबणे, बुडबुडे सोडविणे हे सारे तिचे तिने ठरविलेले होते. जो आपल्या बुद्धीने ठरवितो त्याला व्याकरणात करण म्हणत नाहीत. मोटर हे करण खरे. ती जसे फिरवाल तसे फिरते आणि पट्टे पाडते.

नंतर नातवाने मोटरच्या दोन तारांची अदलाबदल करणारे बटण बसविले. पौषात नळाचे पाणी थंड होते. डेव्हलपर २० अंशांवर आणणे सोपे गेले. सौ. पाटासमोर खुर्चीवर बसली. घड्याळ माझ्या हाती होते, पण बटण केव्हा दाबावयाचे ते ती सांगे. ती मनातल्या मनात मारुतिस्तोत्र म्हणते आणि त्या लयीवर डबा हलवीत असे, हेही मला त्याच दिवशी कळले. साडेआठ मिनिटे झाली, हायपो झाला, पाणी झाले. न्हाणीघरातल्या दोरीला फिल्म टांगली. कडा स्वच्छ होत्या.

चुलीचे चित्र तिनेच प्रथम ओळखले. काजळीने काळी झालेली ती भिंत निगेटिव्हवर उजळ, पारदर्शक दिसत होती. "सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, आज कोठे भिंत स्वच्छ झाली," ती हसून म्हणाली, आणि मग बराच वेळ काही बोलली नाही.

वहीत आता मी एक नवा रकाना आखला आहे. मागच्या नोंदींतही तो भरावयाचा आहे. काम सोपे आहे. पानोपानी एकच नाव लिहावयाचे आहे.