दहा मार्कांचा क्लच

मशीन डिझाईनच्या पेपरात क्लच येणार हे पहिल्या बेंचपासून शेवटच्या बेंचपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. दहा मार्क. एक आकृती, दोन थिअऱ्या, एक सूत्र. नवीन प्लेटला युनिफॉर्म प्रेशर, घासलेल्या प्लेटला युनिफॉर्म वेअर, आणि शंका आली तर युनिफॉर्म वेअर धरा, कारण उत्तर कमी येतं आणि कमी उत्तर सुरक्षित. एवढं पाठ करून आपण परीक्षेला जातो आणि बाहेर आल्यावर मेसमध्ये काय भाजी आहे याची चौकशी करतो. क्लच तिथेच संपतो.

माझ्या बाबतीत तो तिथे संपला नाही, कारण आमच्या घरची चूल क्लचवर चालते. आमचं गाव देवगड तालुक्यात. बाबांची एक डिझेल पिकअप आहे. एप्रिल-मे महिन्यांत आंब्याच्या पेट्या कोल्हापूरच्या मार्केट यार्डात पोचवायच्या आणि उरलेलं वर्षभर चिरे, सिमेंट, खत जे मिळेल ते न्यायचं. वाट ठरलेली. तळेऱ्याहून वैभववाडी, मग करूळ घाट चढून गगनबावडा, तिथून कोल्हापूर. भरलेली गाडी चढते आणि रिकामी उतरते, हे या धंद्याचं दुर्दैव. गाडीचं पासिंग दीड टनाच्या आत आहे. आंब्याच्या दिवसांत मागे दोन टन असतो. हे बरोबर नाही हे बाबांनाही माहीत आहे, पण पासिंगाइतका माल भरून बँकेचा हप्ता निघत नाही हेही त्यांना माहीत आहे.

गेल्या एप्रिलमध्ये भर सीझनला त्यांचा हॉस्टेलवर फोन आला. "क्लच गेलो रे. चढणीर इंजिन नुसता बोंबलता, गाडी खेचणा नाय. वास येता." मग थोडं थांबून, "तू इंजिनिअर होतंस ना, मगे सांग, खयचो टाकू?"

चार वर्षांत बाबांनी मला तांत्रिक प्रश्न विचारण्याची ही पहिली वेळ. आंबा काही आपल्या सबमिशनसारखा थांबत नाही, पिकतो. गाडी जितके दिवस उभी, तितके दिवस पेट्या दुसऱ्याच्या गाडीतून जाणार, आणि एकदा बागायतदाराने दुसरी गाडी लावली की पुढच्या वर्षी तो परत येईलच असं नाही.

बाबांपुढे तीन पर्याय होते. पहिला, जुन्याच प्लेटला नवीन फेसिंग रिवेट मारून घेणं. सगळ्यात स्वस्त. दुसरा, गाडीच्या मॉडेलला कंपनीने जो दिला आहे तोच पूर्ण सेट, म्हणजे क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग. तिसरा, कुणीतरी सुचवलेला "हेवी" सेट, सिरॅमिक बटणांची प्लेट आणि जास्त कडक प्रेशर प्लेट. बाबांचा कल तिसऱ्याकडे होता. त्यांचा हिशोब सरळ होता. माल जास्त, घाट मोठा, म्हणून क्लच कडक हवा. ऐकायला पटतं. मलाही पटलं असतं, पण मी वही काढून बसलो.

पहिली गोष्ट वहीत लगेच सापडली. क्लच पूर्ण लागल्यावर त्याने किती टॉर्क पेलायचा असतो? इंजिन जास्तीत जास्त जेवढा देतं तेवढा. मागे दोन टन ठेवा नाहीतर चार टन ठेवा, इंजिनाचा टॉर्क वाढत नाही. गाडी फक्त हळू चढते, किंवा खालचा गिअर मागते. कंपनीने क्लच बनवतानाच इंजिनाच्या कमाल टॉर्कपेक्षा जास्तीची क्षमता दिलेली असते. म्हणजे चांगल्या स्थितीतला, पूर्ण लागलेला मूळ क्लच भरलेल्या गाडीतही घसरायला नको. अमेरिकेत डिझेल पिकअपवाले इंजिनाचं ट्यूनिंग करून ताकद वाढवतात, तिथे मूळ क्लच अपुरा पडतो आणि कडक क्लच घालावाच लागतो. आपल्याकडेही कुणी पंपाचं डिझेल वाढवून घेतलं असेल तर तसंच. आमच्या इंजिनाला कुणी हात लावलेला नव्हता.

मग क्लच जळतो कुठे? पूर्ण लागल्यावर नाही, लागता लागता. पेडल वर येत असतं, इंजिन फिरत असतं, गाडी अजून उभी असते, आणि मधल्या दोन पृष्ठभागांत घासाघीस चालू असते. या घासाघिशीतल्या उष्णतेचं गणित सोपं आहे. सपाट रस्त्यावर, इंजिनाचा वेग स्थिर धरला, तर गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते तेवढीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. अर्धं चाकाला, अर्धं आगीला. प्लेट कितीही महाग घ्या, हा वाटा बदलत नाही.

आकडे घालून पाहिलं. गाडी आणि माल मिळून पावणेचार टन. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे १८ फेरे म्हणजे चाकाचा एक फेरा धरला, चाकाची त्रिज्या ३४ सेंटिमीटर. इंजिन १००० आरपीएमवर ठेवून गाडी उचलली तर सपाटीवर क्लचमध्ये साधारण ७ किलोज्यूल उष्णता. तीच गाडी २००० आरपीएमवर रेस देऊन उचलली तर २९. वेग दुप्पट, उष्णता चौपट, कारण वेगाचा वर्ग येतो. दहात एक असा चढ धरला आणि क्लचमधून १६० न्यूटन मीटर जातोय असं मानलं, तर त्यातला अर्धा टॉर्क नुसता गाडी मागे न जाण्यासाठी खर्च होतो, म्हणून उष्णता पुन्हा दुप्पट. १००० आरपीएमला १५ किलोज्यूल. दुसऱ्या गिअरमध्ये उचलायचा विचारच करू नये. तिथे जवळजवळ सगळा टॉर्क चढच खाऊन टाकतो आणि क्लच घासत राहतो.

यानंतर जो आकडा आला तो मी दोनदा तपासला. त्याच चढावर गाडी ब्रेकवर न धरता हाफ क्लचवर नुसती उभी ठेवली तर? गाडी एक इंच पुढे नाही, एक इंच मागे नाही. क्लचमध्ये सतत ८ किलोवॅटच्या वर उष्णता. आपल्या हॉस्टेलमध्ये हजार वॅटची एक कॉइल सापडली की दंड होतो. इथे अशा आठ कॉइली बेल हाउसिंगच्या बंद डब्यात एकदम चालू! पंधरा सेकंद असं उभं राहिलं की १२५ किलोज्यूल, म्हणजे तोच चढ आठ वेळा नीट उचलल्याइतकी झीज. करूळ घाटात वळणावर समोरून एसटी आली की पंधरा सेकंद सहज जातात. आणि वळणं काही एकच नाही.

आता प्रश्न गणिताचा राहिला नाही. बाबा पंचवीस वर्षं गाडी चालवतात. त्यांना फोनवर "तुम्ही हाफ क्लचवर गाडी धरता" असं सांगायचं कसं? मी आडून सुरुवात केली. विचारलं, "हँडब्रेक धरता?"

"काय धरता! भरलेली गाडी सोडून देता. मागसून कोणाची कार चिकटून असली तर काय करतलंय? एक पाय ब्रेकार, एक क्लचार, रेसेक तिसरो पाय खयसून हाडू?"

या एका वाक्यात मला वहीत न सापडलेलं उत्तर मिळालं. ते क्लचवर गाडी धरत होते ते सवयीने नव्हे, भीतीने. हँडब्रेक धरत नाही म्हणून ब्रेकवरून पाय काढायच्या आधी क्लच अर्धा लावून ठेवायचा, नाहीतर दोन टन आंबा मागच्या कारच्या बॉनेटवर. म्हणजे आमच्या क्लचचा रोग अर्धा हँडब्रेकच्या केबलमध्ये होता. हँडब्रेक नीट धरत असता तर पाय मोकळा राहिला असता. सिरॅमिक काय, सोन्याची प्लेट घातली असती तरी हे कारण तसंच राहिलं असतं.

दुसऱ्या दिवशी रात्रीची एसटी पकडून मी गॅरेजवर पोचलो. मिस्त्रींनी गिअरबॉक्स उतरवण्याआधी एक साधी परीक्षा करून दाखवली. पुढच्या चाकांना दगड, पाय ब्रेकवर घट्ट, गिअर चौथा, आणि क्लच हळू सोडायचा. क्लच शाबूत असेल तर इंजिन गचका देऊन बंद पडतं. आमचं चालूच राहिलं. ही परीक्षा एकदाच करायची, पुन्हा पुन्हा केली तर तीच क्लच जाळते. त्याआधी त्यांनी पेडलची फ्री प्लेही पाहिली होती. ती नसेल तर क्लच कधीच पूर्ण लागत नाही आणि चांगली प्लेटही घसरते.

गिअरबॉक्स खाली आल्यावर सगळं डोळ्यांपुढे आलं. फेसिंग रिवेटच्या डोक्यापर्यंत गेलेलं. फ्लायव्हीलवर निळे डाग, म्हणजे जास्त तापल्याची खूण, आणि केसासारख्या बारीक चिरा. डायफ्रॅम स्प्रिंगची बोटं टोकाशी घासलेली. क्रँकचं मागचं ऑइल सील जरा ओलं. मिस्त्री प्लेट हातात फिरवत म्हणाले की नुसतं फेसिंग मारून घेणारे याच गोष्टी पाहत नाहीत. प्लेटमधल्या स्प्रिंगा सैल, हबचे आटे झिजलेले, प्रेशर प्लेटचा जोर कमी झालेला, आणि त्यावर नवीन फेसिंग. पुन्हा सहा महिन्यांनी गिअरबॉक्स खाली. वाचलेले पैसे दुसऱ्या मजुरीत जातात. पहिला पर्याय तिथेच बाद झाला.

तिसऱ्या पर्यायाबद्दल त्यांचं मत एका ओळीचं होतं. "क्लच ऱ्हवतलो, पण क्राऊन जातलो." आपल्या भाषेत सांगायचं तर सिरॅमिक बटणं जास्त तापमान सोसतात आणि त्यांचा घर्षणांकही जास्त असतो, पण ती हळूहळू न लागता एकदम पकडतात. तो झटका प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, गिअर आणि क्राऊन-पिनियन सोसतात. फ्लायव्हीलही लवकर झिजतं. प्रेशर प्लेट कडक म्हणजे पेडल कडक, आणि पेडल दाबताना तोच जोर रिलीज बेअरिंगवर आणि क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर जातो. शिवाय डाव्या गुडघ्यावर. बाबांचा डावा गुडघा आधीच कुरकुरतो, आणि कोल्हापूरच्या बाजारपेठेतल्या ट्रॅफिकमध्ये तो किती वेळा दाबावा लागतो हे त्यांनाच विचारा. सतत खाणीत किंवा साइटवर चालणाऱ्या मोठ्या गाड्यांना सिरॅमिक योग्य असेल. आमच्या गाडीला त्याची गरज नव्हती.

शेवटी मूळ मापाचा, कंपनीने त्या मॉडेलला ठरवलेला पूर्ण सेट घातला. पाकिटावरचा पार्ट नंबर जुन्या प्लेटवरच्या नंबराशी आणि हबचे आटे मोजून ताडून घेतले, कारण सारख्या दिसणाऱ्या दोन प्लेटांत फरक असतो. फ्लायव्हीलच्या चिरा फेसिंग मारून जाणाऱ्या होत्या, म्हणून लेथवर फेसिंग मारून घेतलं. खोल असत्या तर फ्लायव्हील बदलावं लागलं असतं. ऑइल सील आणि पायलट बेअरिंग बदललं. ही दोन्ही किरकोळ किमतीची, पण त्यांच्यापर्यंत पोचायची मजुरी मोठी, म्हणून याच वेळी. आणि सगळ्यात शेवटी हँडब्रेकची केबल नवीन आणि मागचे लायनर सेट केले. बाबांनी गाडी भरून चढावर उभी केली, हँडब्रेक ओढला आणि दोन्ही पाय उचलून माझ्याकडे पाहिलं. गाडी हलली नाही.

नवीन प्लेट बसेपर्यंत पहिले काही दिवस त्यांनी माल कमी भरला. हे सांगायला मला दोन चहा पाजावे लागले. सीझन निभावला, बागायतदार टिकला.

ज्यांच्या घरी पिकअप, टेम्पो किंवा छोटा हत्ती आहे त्यांच्यासाठी सांगतो, कारण अशी मुलं आपल्या हॉस्टेलमध्ये बरीच आहेत. क्लच कोणता टाकू असं घरून कुणी विचारलं तर आधी विचारा, जुना का गेला? सील गळत होतं का, फ्री प्ले होती का, हँडब्रेक धरतो का, गाडी कोणत्या गिअरमध्ये आणि किती रेस देऊन उचलली जाते? ही उत्तरं मिळाली की दुकानातलं पाकीट निवडणं हा शेवटचा आणि सोपा भाग राहतो.

बाबा आता वैभववाडीच्या चहाच्या टपरीवर दुसऱ्या ड्रायव्हरांना ऐकवतात म्हणे, "क्लच बदलूच्या आधी हँडब्रेक बघा." मुलाने सांगितलं असं म्हणत नाहीत. आणि ते बरोबरही आहे, कारण ती गोष्ट त्यांनीच मला फोनवर सांगितली होती.