दोन निवेदनं

निगडीच्या सेक्टर २२ मधल्या पुनर्वसन प्रकल्पाला विरोध करणारं निवेदन आमच्या भागातून गेलं, त्याचा मसुदा माझा होता. देहूरोडच्या दारूगोळा डेपोपासून दोन हजार यार्डांच्या आत माणसं राहायला आणणं म्हणजे त्यांच्या जिवाशी खेळणं आहे, असं मी त्यात लिहिलं होतं. काही वर्षांनी रेड झोनची हद्द कमी करा म्हणून दुसरं निवेदन गेलं. तेही मीच लिहिलं. इतकी वर्षं आम्ही इथे राहतोय, कुणाला ओरखडाही आलेला नाही, धोका फक्त कागदावर आहे, असं त्यात होतं. दोन्हींच्या खाली माझी सही आहे.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. लष्करी आस्थापनांभोवतीच्या बांधकामावर बंधनं घालणारा कायदा १९०३ चा, इंग्रजांच्या काळातला. त्याप्रमाणे बंधनाची बाहेरची हद्द दोन हजार यार्डांपर्यंत, म्हणजे साधारण १,८२९ मीटरपर्यंत नेता येते. देहूरोडच्या डेपोभोवती ती तेवढी आहे, आणि २००२ मध्ये तशी अधिसूचना निघाली. या हद्दीच्या आतल्या भागालाच इथे रेड झोन म्हणतात. निगडीचा काही भाग, रुपीनगर, तळवडे, किवळे असा मोठा पट्टा तिच्यात येतो. पिंपरी-चिंचवडचे कारखाने वाढले तशी इथली शेतं गुंठ्या-गुंठ्याने विकली गेली आणि आमच्यासारख्या कामगारांनी त्यावर घरं बांधली. माझा दीड गुंठा रुपीनगरातला. साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि नोटरीचा शिक्का, एवढ्यावर व्यवहार झाला. नकाशा मी पाहिला नाही, मागितलाही नाही. सगळेच घेत होते, म्हणून मीही घेतला.

सेक्टर २२ चा प्रकल्प महापालिकेचा. केंद्राची जेएनएनयूआरएम योजना डिसेंबर २००५ मध्ये सुरू झाली, तिच्यातून झोपडपट्टीतल्या कुटुंबांसाठी ११ हजारांहून अधिक घरं बांधायचं ठरलं. जागा रेड झोनमध्ये आहे हा मुद्दा उच्च न्यायालयात गेला आणि काम थांबलं. कोर्टातल्या लढाईशी माझा संबंध नव्हता. माझा वाटा गल्लीतला होता: बैठका बोलावणं, मजकूर लिहिणं, दारोदार सह्या घेणं.

त्या बैठकांत आम्ही काय बोलत होतो, ते लिहिल्याशिवाय या कबुलीला अर्थ नाही. स्फोटाबद्दल फार कमी बोललो. आधीच पाणी दिवसाआड येतं, त्यात एवढी कुटुंबं आली तर नळाला थेंब उरणार नाही, हे खूप वेळा झालं. मग आवाज खाली करून बाकीचं. ती वस्ती आली की जागेचे भाव पडतील. पोरीबाळींना संध्याकाळी बाहेर पाठवायची सोय राहणार नाही. मीही बोललो. माझे वडील सोलापूरहून गिरणी सोडून आले तेव्हा पिंपरीच्या एका झोपडपट्टीतच आमचं बिऱ्हाड होतं, आणि तरीही मी बोललो. शेवटी एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "हे असलं लिहून चालणार नाही. दारूगोळ्याचं लिहा, म्हणजे कुणाला नाही म्हणता येणार नाही." मला ते चटकन पटलं. त्या रात्रीच मी मजकूर लिहून काढला.

मुद्दा खरा होता, म्हणूनच माझी चूक मला जास्त लागते. डेपोजवळ उंच इमारतींत हजारो माणसं कोंबायची हे धोक्याचंच होतं. पण खरं कारण लपवायला मी खरा मुद्दा वापरला, आणि तो फक्त दुसऱ्यांच्या घरांना लावला. स्वतःचं घर मी मोटरसायकलवरून मोजलं होतं. डेपोच्या फाटकापासून निघालो, मीटरवर दोन किलोमीटरच्या वर आकडा आला, आणि आपण बाहेर आहोत असं मानून मोकळा झालो. हद्द डेपोच्या बाहेरच्या भिंतीपासून सरळ रेषेत मोजतात, वळणावळणाच्या रस्त्याने नाही. हे मला कळलं ते मुलाने वरचा मजला चढवायला कर्ज मागितलं तेव्हा. बँकेच्या वकिलाने अहवालात एका ओळीत लिहिलं होतं: मिळकत रेड झोन बाधित.

दुसरं निवेदन त्या ओळीतून आलं. गल्लीतल्या कितीतरी जणांची तीच अवस्था होती. कर्ज नाही, नकाशा मंजूर नाही. सह्या भराभर मिळाल्या. त्याच दिवसांत पत्राशेडमध्ये राहणारी एक बाई माझ्याकडे आली. इमारती होतील म्हणून त्यांची जुनी झोपडी पाडली होती आणि त्यांना तात्पुरतं पत्र्याच्या खोलीत ठेवलं होतं. ते तात्पुरतं संपलंच नव्हतं. "भाऊ, हद्द कमी करा म्हणताय, तर आमच्या बिल्डिंगचंही लिहा की त्यात," असं त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "ताई, तो विषय कोर्टात आहे, वेगळा आहे." तो वेगळा नव्हता. त्यांचं पत्राशेडही रेड झोनमध्येच होतं. पहिल्या निवेदनात ज्यांच्या जिवाची मी एवढी काळजी वाहिली, ती माणसं काम थांबल्यावर कुठे झोपतात हे मी एकदाही जाऊन पाहिलं नव्हतं. इमारत थांबली की माणसं सुरक्षित जागी गेली, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

३१ मे २०१६ च्या पहाटे वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागून स्फोट झाले. दोन अधिकाऱ्यांसह अनेक जवान आणि अग्निशमन दलाचे लोक गेले, आसपासच्या गावांतल्या लोकांना रातोरात घरं सोडावी लागली. टीव्हीवर ते पाहताना बायको म्हणाली, "आपल्याकडे झालं तर कुठल्या रस्त्याने जायचं?" आमच्या गल्लीतून टेम्पो वळत नाही. इतक्या निवेदनांत मी हा प्रश्न कुठेच विचारला नव्हता. धोका आहे म्हणताना नाही, नाही म्हणताना तर नाहीच.

आता तिसरं निवेदन लिहिलं आहे. गट नंबरनिहाय हद्दीचा नकाशा चौकात लावा. १९०३ च्या त्याच कायद्यात बाधितांना नुकसानभरपाई देण्याची तरतूद आहे, तिचं काय झालं ते सांगा. बाहेर पडायचा रुंद रस्ता द्या. आणि सेक्टर २२ साठी ठरलेल्या कुटुंबांना हद्दीबाहेर पक्की घरं द्या. गल्लीतल्या बऱ्याच जणांनी सही नाकारली. नकाशा चौकात लागला तर घराला गिऱ्हाईक मिळणार नाही, असं ते म्हणतात, आणि ते खोटं नाही. माझंही घर विकलं जाणार नाही. पहिल्या सह्या पत्राशेडमधल्या आहेत. त्या ताईंनी मजकूर दोनदा वाचायला लावला, "या वेळी आमचं नाव नक्की आहे ना" म्हणून विचारलं, आणि मगच सही केली.