दोन वर्षांची मुदत

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत नारायण वामन टिळकांना एक युरोपियन सहप्रवासी भेटला. गोऱ्या माणसाच्या डब्यात शिरणाऱ्या नेटिव्हाला त्या काळी काय ऐकून घ्यावं लागे ते सगळ्यांनाच ठाऊक होतं, तेव्हा टिळकही सावध बसले असणार. पण हा गृहस्थ सौजन्याने वागला. बोलणं काव्यावरून धर्मावर गेलं, आणि निरोप घेताना त्याने नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हातात ठेवून सांगितलं, की दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. मुदत पाळली गेली.

नागपूरच्या मराठी ख्रिस्ती घरांत ही गोष्ट लहानपणीच कानावर पडते. गाडी आपल्या गावची, कवी आपल्या भाषेतला, आणि रविवारी उपासनेत ज्यांची गीतं म्हणायची तेच हे टिळक. मग अभिमान वाटायचाच. साक्ष द्यायला उभं राहिलेलं कोणीतरी हे उदाहरण हमखास देतं. बघा, प्रभू कसा मार्ग दाखवतो! मलाही ही गोष्ट प्रिय आहे. फक्त ती ऐकून झाली की मला हनन्या आठवतो आणि निम्मी गंमत जाते.

हनन्या हा यिर्मयाच्या पुस्तकातला संदेष्टा. इ.स.पू. ५९७ मध्ये नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमातली माणसं धरून बाबेलला नेली. त्यानंतर काही वर्षांनी हा हनन्या मंदिरात सगळ्यांसमोर उभा राहिला आणि परमेश्वराचं नाव घेऊन म्हणाला, दोन वर्षांच्या आत सगळे परत येतील. बरोबर तीच मुदत! यिर्मयाचं म्हणणं नेमकं उलट होतं. तरी तो आधी काय म्हणाला? आमेन, तसंच होवो. मग एवढंच म्हणाला, की शांतीची भाकितं करणारा खरा की खोटा ते भाकीत पुरं झालं म्हणजे कळतं. बाबेलच्या ताब्याची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेलं लाकडी जू हनन्याने काढून मोडून टाकलं, तेव्हा यिर्मया काही न बोलता निघून गेला. हे निघून जाणं मला फार खरं वाटतं. समोरचा माणूस देवाच्या नावाने छातीठोक बोलत असताना त्याला तिथल्या तिथे खोटं पाडायचं साधन संदेष्ट्याकडेही नव्हतं.

मग राजनांदगावच्या गाडीत बसलेल्या माणसाने काय ओळखावं? टिळकांनी ओळखण्याचा प्रयत्नच केला नाही, हे त्यांचं शहाणपण. त्यांनी पुस्तक वाचायला घेतलं. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथून त्यांचा पाय निघेना. शंका होत्या त्या लिहून काढल्या, जाणकारांशी पत्रव्यवहार केला. साक्षीत आपण गाडी सांगतो आणि बाप्तिस्मा सांगतो. मधली वहीपेन्सिलीची दोन वर्षं गाळतो, कारण त्यांत चमत्कार नाही.

आणि टिळकांच्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, तर गाळतोच. ज्या मार्गदर्शनाने नवऱ्याला प्रकाश दिसला त्यानेच त्यांचं घर मोडलं. त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या कोणालाही हे सांगायला नको. टिळक ख्रिस्ती झाले म्हणून लक्ष्मीबाई झाल्या नाहीत. त्या नातलगांकडे राहिल्या, रडल्या, चिडल्या, आणि आपल्या विनोदाने या सगळ्याला पुरून उरल्या. त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० साली. त्यांना गाडीत कोणी भेटलं नाही, कोणी मुदत दिली नाही. माणसामाणसांत जात देवाने केली की आपण केली, याचा विचार त्यांनी आपला आपण केला आणि तो शेवटपर्यंत नेला. मी मंडळीत हे बोलून दाखवलं तर कोणी म्हणेल, म्हणजे टिळकांना देवाने नेलं आणि लक्ष्मीबाई आपल्या बुद्धीने गेल्या का? मला ही वाटणी मुळातच पटत नाही. बुद्धी काय शेजारच्यांनी दिली?

आम्ही धरमपेठेतले. रविवारी सकाळी शंकरनगर चौकात मेट्रो धरायची, सीताबर्डीला बदलायची, कस्तुरचंद पार्कला उतरून सदरला उपासनेला जायचं, आणि येताना गोकुळपेठेतून सांबार आणि भाजी घेऊन घरी यायचं, असा आमचा क्रम. वर्षातली एक उपासना मात्र रात्री उशिराची, ३१ डिसेंबरची. बारा वाजून गेले, हस्तांदोलनं झाली, की तरुण संघाची मुलं स्टीलच्या ताटांत चिठ्ठ्या फिरवतात. झेरॉक्सच्या दुकानात छापून, कात्रीने कापून, सुरळ्या करून दोऱ्याने बांधलेली वचनं. एकेकाने एकेक उचलायची. ते तुमचं वर्षाचं वचन. ट्यूबलाइटखाली जाऊन माणसं दोरा सोडतात, चष्मा कपाळावरून खाली घेतात, आणि कुजबुज सुरू होते, ‘तुला काय आलं?’ ज्याची बदली अडली आहे त्याला ‘बाहेर जाशील तेव्हा’ छापाचं काही आलं की तो बायकोकडे अर्थपूर्ण बघतो. मुलीचं लग्न ठरत नसलेली आई सुरळी वाचून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवते.

याला मी हसत नाही. माझ्याही पाकिटात ती सुरळी वर्षभर असते, घामाने अक्षरं पुसट होईपर्यंत. पण ताटातल्या चिठ्ठ्या आधी निवडलेल्या असतात, हे विसरून चालत नाही. स्तोत्रसंहिता, यशया, फिलिप्पैकरांस पत्र, सगळी गोड वचनं. आमोसाने श्रीमंतांना सुनावलेले शब्द आजवर कोणाच्याच वाट्याला आलेले नाहीत. धरमपेठेत त्यांना गिऱ्हाईक कमी नाही.

या ताटात हमखास असणारं आणि निम्म्या घरांच्या भिंतींवर फ्रेम करून टांगलेलं वचन म्हणजे यिर्मया २९:११. देवाच्या मनात आपल्या हिताचे बेत आहेत, भवितव्य आहे, आशा आहे, असा त्याचा आशय. मुलगा परदेशी निघाला की हीच फ्रेम भेट द्यायची. पण हे वचन एका पत्रातलं आहे. पत्र यिर्मयाने बाबेलला नेलेल्या लोकांना लिहिलं, म्हणजे ज्यांच्या परतीसाठी हनन्या दोन वर्षांचं आश्वासन देत होता त्यांनाच. आणि भिंतीवरच्या ओळीच्या आधीच्याच ओळीत मुदत लिहिली आहे: सत्तर वर्षं. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांची मरणं तिथेच व्हायची होती. तोवर त्यांनी काय करायचं तेही यिर्मया सांगतो. घरं बांधा आणि त्यांत राहा, बागा लावून त्यांचं फळ खा, मुलामुलींची लग्नं करा, आणि ज्या शहरात येऊन पडला आहात त्या शहराचं भलं बघा, त्यासाठी प्रार्थना करा. बेत देवाकडे, आणि माणसांच्या हाती बांधकाम, बागकाम आणि सोयरीक. ही पूर्ण यादी फ्रेममध्ये बसत नाही, म्हणून एकच ओळ टांगतो. फ्रेम बनवणाऱ्याचा काय दोष!

देवाला विचारणाऱ्या दोन माणसांना दोन उत्तरं मिळाली तर काय, हा प्रश्न तर आमच्या गावाने मोठ्या प्रमाणावर पाहिला आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. त्याची बोलणी सुरू झाली होती १९२९ साली. चार दशकं समित्या बसल्या, मसुदे झाले, मसुद्यांचे मसुदे झाले. बिशप असावेत का, बाप्तिस्मा तान्ह्या बाळांना द्यावा की मोठ्यांनाच, यावर माणसं म्हातारी झाली. प्रत्येक बैठकीची सुरुवात प्रार्थनेने. आणि काही महिनेच उरले असताना, १९७० च्या ऑगस्टमध्ये, इतकी वर्षं बोलण्यांत असलेल्या एका मोठ्या मेथॉडिस्ट मंडळीने आपण येत नाही असं ठरवलं. त्यांनीही प्रार्थना करूनच ठरवलं. लहानपणी मी वडीलधाऱ्यांना विचारलं होतं, मग देवाने कोणाला बरोबर सांगितलं? उत्तर आलं, गप्प बस आणि जेव. आज दोन्ही मंडळ्यांची माणसं एकमेकांच्या लग्नांना आणि मयतींना जातात, शेजारी बसून तीच गीतं म्हणतात. मला वाटतं, चार दशकं एकमेकांचं ऐकत बसणं हेच त्या मार्गदर्शनातलं बरंचसं होतं, मग हात वर गेले असोत वा खाली राहिले असोत. समित्यांची टिंगल मीही करतो, पण प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात पवित्र आत्म्याचा निर्णय कळतो तोही एका सभेतून, भरपूर वादावादी झाल्यावर.

म्हणून ‘देवाची इच्छा’ हे शब्द कोणी लवकर वापरले की मी जरा मागे सरकतो. स्थळ नाकारायचंय, कारण सांगायचं नाही: देवाची इच्छा नाही. मंडळीचा हिशेब कोणी विचारला: प्रभू पाहून घेईल. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले, अठरा वर्षं शाळा चालवल्या, दगड आणि जीवाश्म गोळा केले, आणि ४ सप्टेंबर १८६३ च्या संध्याकाळी टाकळघाटाहून परतताना पावसाने फुगलेल्या ओढ्यात बुडाले. वीस वर्षांनी त्यांच्या नावाचं कॉलेज निघालं. ते बुडाले म्हणून कॉलेज निघालं, अशी जुळवणी मी व्यासपीठावरून ऐकली आहे. मला ती करवत नाही. देव त्या ओढ्यापाशी होता असं मी मानतो. ओढा त्याने त्यासाठी भरला असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

सध्या आमच्या घरात देवाला विचारणं चालू आहे ते आत्याच्या घरावरून. धरमपेठेतल्या जुन्या बैठ्या घरांचं जे होतं आहे तेच तिच्याही घराचं व्हायचं आहे. बिल्डरचा माणूस येतो, चहा पितो, ‘काकू, दोन वर्षांत पझेशन, लिहून घ्या’ म्हणतो. ‘लिहूनच तर घेणार आहे,’ आत्या म्हणते. तिने जन्मभर नर्सची नोकरी केली, वॉर्डातल्या चार्टवर सहीशिवाय एक गोळी दिली नाही. घरी प्रार्थनेची बैठक झाली, पाळकसाहेब आले, सगळ्यांनी डोळे मिटून मार्गदर्शन मागितलं. आमेन झाल्यावर माझ्या भावाने विचारलं, ‘आत्या, मग प्रभूने काय सांगितलं?’

‘त्याला विचारलं ना. आता वकिलाला विचारते,’ ती म्हणाली, आणि पोह्यांच्या बशा घेऊन आली.

तेव्हापासून कराराचा मसुदा तिच्या जेवणाच्या टेबलावर आहे. भिंग लावून ती रोज दोन पानं वाचते, समासात पेन्सिलीने फुली मारते. कार्पेट एरिया, तोवरचं भाडं, उशीर झाला तर दंड. एका दुपारी मी तिला यिर्मयाच्या बत्तिसाव्या अध्यायाची आठवण करून दिली. शहराला वेढा पडलेला, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, आणि देव त्याला सांगतो की तुझा चुलतभाऊ हनामेल शेत विकायला येईल. हनामेल खरंच येतो, आणि यिर्मया लिहितो, की तेव्हा मला कळलं हे परमेश्वराचंच म्हणणं होतं. तेव्हा, आधी नाही. संदेष्ट्यालाही भाऊ दारात उभा राहीपर्यंत खात्री नव्हती!

आत्याने भिंग खाली ठेवलं. ‘पुढचं वाच,’ ती म्हणाली. पुढे यिर्मया सतरा शेकेल चांदी तराजूत तोलून देतो, खरेदीखत लिहितो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी अशा दोन्ही प्रती मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील.

‘बघ,’ आत्या म्हणाली, ‘साक्षीदार घेतले त्याने.’

तिने अजून सही केलेली नाही. पार्किंगच्या कलमावर अडलं आहे, आणि त्या बाबतीत मला तिचंच म्हणणं बरोबर वाटतं.